दोन पोरं, एक दावं आणि गोव्याची बोट

बोटीनं गोव्याला जायचं ठरलं तेव्हा माझी थोरली साडेचार वर्षांची होती आणि धाकट्याला नुकतीच दोन पूर्ण झाली होती. साल बदललं तरी बहात्तरचा दुष्काळ संपला नव्हता. आम्ही नगरजवळ भिंगारला राहत होतो. माझे यजमान तिथल्या लष्करी डेपोत स्टोअरकीपर होते. त्यांच्याबरोबर काम केलेला एक मित्र पणजीला राहायला गेला होता आणि दर पत्रात लिहायचा, एकदा बोटीनं या, मुलांना समुद्र दाखवा. ह्यांनी ते मनावर घेतलं.

नगरहून एस.टी.नंही गोव्याला जाता येतं, हे मी एकदा सांगून पाहिलं.

"एस.टी. रोजचीच आहे," हे म्हणाले. "मुलांच्या लक्षात काय राहणार, एस.टी.?"

दोन वर्षांच्या मुलाच्या काय लक्षात राहणार हे मी विचारलं नाही. खरं म्हणजे मलाही बोट बघायची होती.

घरात तेव्हा माझ्या सासूबाई होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांचं गाव संगमनेरच्या बाजूला. विहीर आटली, बैल चारा-छावणीत गेले, आणि त्या दिवाळीपासून आमच्याकडे राहायला आल्या. येताना त्यांचं बोचकं त्यांनी बैलाच्या दाव्यानं बांधून आणलं होतं. क्वार्टरच्या दोन खोल्यांत त्यांचं मन रमत नव्हतं. समुद्राला चला म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तितं पानी हाय का?"

"आत्याबाई, समुद्र म्हणजे पाणीच."

"मग येते," त्या म्हणाल्या.

ह्यांनी तयारी डेपोतल्यासारखी केली. सामानाची यादी कार्बन घालून तीन प्रतींत काढली. एक ट्रंकेत, एक त्यांच्या खिशात, एक माझ्याकडे. दुपटी बारा, लंगोट अठरा, फिरकीचा तांब्या एक, लिंबं सहा, आलेपाकाची पुडी एक. शिवाय मुलांना आधीपासून सवय व्हावी म्हणून रोज संध्याकाळी ते दोघांना बाजेवर बसवायचे आणि बाजेचं एक अंग उचलून डोलवायचे. "बोट अशी हलते. घाबरायचं नाही. डोळे लांबवर ठेवायचे." पोरं खिदळायची. चौथ्या दिवसापासून शेजारची पोरंही येऊ लागली आणि सहाव्या दिवशी बाजेचा एक पाय निखळला. धाकट्याला मात्र ते इतकं आवडलं होतं की मोडकी बाज दिसली की तो "बोट, बोट" करून तिच्यावर चढायचा.

मुंबईत एका नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि सकाळी भाऊच्या धक्क्यावर पोचलो. थोरलीनं फिरकीचा तांब्या स्वतःच्या छातीशी धरला होता. तो ती कुणाच्या हाती देत नव्हती. आमच्या क्वार्टरच्या नळाला तेव्हा एक दिवसाआड, तेही अर्धा तास पाणी यायचं, आणि नळापुढच्या रांगेत मी येईपर्यंत भांडं धरून उभं राहायचं काम तिचं होतं. त्यात ती फार कडक झाली होती. शेजारच्या मामी चूळ भरून पाणी थुंकल्या तर ती त्यांना बोलायची.

धक्क्याच्या टोकाला आली आणि थांबली. समोर सगळं पाणी. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"आई, हे कुणाचं आहे?"

"कुणाचं नाही. सगळ्यांचं."

"मग रांग कुठंय?"

आत्याबाई तिच्यामागे उभ्या होत्या. त्यांनीही प्रथमच समुद्र पाहिला. कपाळावर हात आडवा धरून त्यांनी लांबवर नजर टाकली. मग मला हळूच म्हणाल्या, "सगळं खारट हाय म्हनं?"

"हो."

"एवढं सगळं?"

"सगळं."

"मग काय उपेग," असं म्हणून त्यांनी बोचकं डोक्यावर घेतलं आणि शिडीकडे निघाल्या.

बोटीवर आमची तिकिटं डेकची होती. म्हणजे ज्यानं आधी सतरंजी पसरली त्याची जागा. हे धावत पुढे गेले आणि मधल्या भागात, एका लाकडी बाकाशेजारी, चांगली ऐसपैस जागा धरली. माझं लक्ष मात्र कठड्याकडे होतं. लोखंडी दांड्यांचा कठडा, आणि दोन दांड्यांत चांगलं अंतर. मी जाऊन वितीनं मोजलं. एक वीत आणि चार बोटं. मग धाकट्याचं डोकं मोजलं. ते एका वितीपेक्षा जेमतेम जास्त होतं. तेव्हापासून मी त्याचा दंड सोडला नाही, आणि तेव्हापासूनच तो सुटायची धडपड करू लागला. बोटीचा भोंगा वाजेपर्यंत मला घाम फुटला होता. त्याला चालता येत नव्हतं, फक्त पळता येत होतं.

आत्याबाई सतरंजीवर मांडी घालून हे सगळं बघत होत्या. त्यांनी बोचक्याचं दावं सोडलं. "सूनबाई, त्याला इकडं आन," म्हणाल्या.

त्यांनी धाकट्याच्या कमरेला आधी आपलं जुनं मऊ लुगड्याचं धडपं गुंडाळलं, त्यावरून दावं घेतलं, मागे गाठ मारली आणि दुसरं टोक बाकाच्या पायाला बांधलं. बाक डेकला पक्का ठोकलेला होता. दावं असं बेतलेलं की पोरगं सतरंजीच्या चारी कडांना पोचेल, त्यापलीकडे एक पाऊल नाही. धाकटा दोनदा पळाला, दोनदा ताणून बसला आणि मग खाली बसून दाव्याशीच खेळायला लागला.

ह्यांचा चेहरा पडला. "आई, सोड त्याला. लोक बघतायत. ढोर आहे का तो?"

"ढोराला अक्कल असती," आत्याबाई म्हणाल्या. "ते पान्यात उडी घेत न्हाई."

लोक खरंच बघत होते. समोरच्या सतरंजीवर एक बाई रत्नागिरीला माहेरी निघाल्या होत्या. अंगावर दीड वर्षाचा मुलगा, जो एकसारखा त्यांच्या खांद्यावरून मागे लोंबत होता. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. पलीकडच्या एका मास्तरांनी आपल्या पत्नीला हे दाखवलं आणि दोघं हसले. त्यांची तीन वर्षांची मुलगी तेवढ्यात कठड्यापर्यंत जाऊन आली होती.

बोट बंदराबाहेर निघाली आणि डोलू लागली. तासाभरात रत्नागिरीच्या बाई उठून आत्याबाईंजवळ आल्या. "आजी, तुमच्या दोरीला अजून जागा आहे का?"

"लई हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांच्या मुलालाही त्याच दाव्यात, हातभर अंतरावर, अडकवलं. मास्तरांनी आणखी अर्धा तास तत्त्व सांभाळलं. मग त्यांची मुलगी खलाशांच्या दोरखंडाच्या ढिगावर चढली आणि खाली पडली, आणि ते स्वतःच तिला बखोटीला धरून घेऊन आले. जेवणवेळेपर्यंत दाव्याला तीन पोरं होती. एक पळालं की दुसरी दोन ओढली जायची, मग तिघं पडायची, मग तिघं हसायची. तिन्ही आया पहिल्यांदा टेकून बसल्या.

तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतले एक अधिकारी फेरी मारत आले. थांबले. "हे काय? मुलांना बांधून ठेवलंय?"

हे एकदम उभे राहून म्हणाले, "आम्ही सोडणारच होतो, साहेब."

आत्याबाई बसूनच म्हणाल्या, "तुमच्या कठड्याची भोकं बुजवा, मग सोडते."

साहेब वाकले. त्यांनी बाकाच्या पायाची गाठ बघितली, बोटानं चाचपली, मग दावं धरून चांगला हिसका दिला. गाठ हलली नाही.

"बैल सोडवून घेत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

साहेबांनी मान हलवली आणि पुढे गेले. थोड्या वेळानं एक खलाशी आला आणि तोही गाठ नुसती बघून गेला.

दुपारी वारा वाढला. हे सकाळपासून मुलांना दिशा, दीपगृहं, जीवरक्षक होड्या यांची माहिती देत होते. बोलता बोलता गप्प झाले. मी पाहिलं तर चेहरा पिठासारखा पांढरा. डोळे लांबवर ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण लांबवरचं सगळं वरखाली होत होतं. एक लिंबू संपलं, आलेपाक संपला, आणि मग ते कठड्याशी धावले.

"यांना बोट लागली वाटतं," रत्नागिरीच्या बाई म्हणाल्या.

हे ऐकताच आत्याबाई ताडकन उठल्या. बोचकं काखोटीला मारलं, चप्पल पायात सरकवली आणि दाव्याची गाठ सोडायला लागल्या. "सूनबाई, उठ, सामान घे. बोट लागली म्हनं."

"अहो आत्याबाई, धक्क्याला नाही लागली. ह्यांना लागली."

त्यांनी कठड्याकडे पाहिलं, जिथं त्यांचा मुलगा ओणवा झाला होता. "ह्येला? ह्येनं तर बाज मोडली सवयीपायी," असं म्हणून त्या परत बसल्या आणि उरलेली भाकरी ठेच्याबरोबर खायला लागल्या. त्यांना दिवसभरात काहीही झालं नाही. मुलांनाही नाही. ह्यांना मात्र मी सतरंजीच्या कडेला निजवलं, डोक्यावर ओलं दुपटं ठेवलं, आणि त्यांनी चादर तोंडावरून ओढून घेतली ती घेतलीच.

माझ्याकडे तोवर सात लंगोट जमले होते. बोटीच्या मोरीत खारं पाणी होतं, त्यात धुवून मी ते दोरीवर वाळत घातले. वाळल्यावर ते पापडासारखे कडक झाले, घडीच होईना. त्यांतला एक धाकट्याला नेसवला, तर तो पाय फाकवून चालायला लागला. मी पुन्हा मोरीकडे गेले तेव्हा आत्याबाईंना डुलकी लागली. परत आले तर दाव्याला तिघं जागेवर होती. थोरली नव्हती. ती मोठी, शहाणी, म्हणून तिला बांधलं नव्हतं.

आधी मी नुसतं इकडेतिकडे पाहिलं. मग बाकाखाली पाहिलं. मग माझं लक्ष कठड्याकडे गेलं. तिचं डोकं मी मोजलं नव्हतं. मी आत्याबाईंना हलवून उठवलं. ह्यांच्या अंगावरची चादर ओढली. ते उठून बसले, "थोरली? कुठं?" म्हणाले, आणि उभं राहताच पुन्हा कठड्याशी गेले. मी एकटीच धावले. डेकच्या पुढच्या टोकापर्यंत, मग मागच्या. दिसेल त्याला विचारत होते, लाल फ्रॉक, दोन वेण्या. एकाला वाटलं मी फ्रॉक हरवला म्हणतेय. शेवटी एका भेळवाल्यासारख्या दिसणाऱ्या माणसानं विचारलं, "तांब्या घेतलेली का? ती खाली गेली."

मी जिना उतरले. खाली अंधारी गल्ली होती, इंजिनाचा घरघराट, तेलाचा वास. वळणावर माणसांची रांग उभी होती. पाच-सहा जण, हातात बाटल्या, लोटे, एकाच्या हातात चहाची किटली. मी त्यांना ओलांडून पुढे गेले. रांगेच्या तोंडाशी, भिंतीतल्या एका पितळी नळाखाली, माझी मुलगी उकिडवी बसली होती. नळातून थेंब थेंब पडत होता. तांब्या तिनं बरोबर त्याखाली धरला होता आणि तळाशी चमचाभर पाणी जमलं होतं.

मी तिच्यापर्यंत पोचले. तिला एक द्यावी की उराशी धरावी हे मला कळेना.

तिनं वर पाहिलं. "आई, मध्ये घुसू नको. मागून ये."

मागचे एक वयस्कर गृहस्थ मला समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, थोडा दम धरा. चारला पाणी सुटणार आहे."

"कुणी सांगितलं?"

"या पुढच्या मुलीनं."

त्यांच्यामागच्यांना ते त्या गृहस्थांनी सांगितलं होतं, आणि त्यांनी आपल्या मागच्यांना. आमच्या क्वार्टरच्या नळाला चारला पाणी यायचं. मला हसूही येईना.

तेवढ्यात एक खलाशी बादली घेऊन आला आणि रांग बघून थबकला. "हा नळ बिघडलेला आहे. तुम्ही इथं काय करताय? पलीकडच्या नळाला दिवसभर पाणी आहे."

माणसं एकमेकांकडे बघत पलीकडे गेली. थोरली हलली नाही.

"चल," मी म्हटलं. "तिकडे आहे पाणी."

"दिवसभर?"

"तो दादा म्हणाला ना."

"खोटं आहे," ती म्हणाली. "दिवसभर कुठं असतं पाणी? मी उठले की माझा नंबर जाईल."

मी तिच्याजवळ खाली बसले. ओरडायची ताकदच उरली नव्हती. तिच्या जन्मापासूनचं आठवून पाहिलं. दिवसभर पाणी असलेला नळ तिला आठवेल असा तिच्या समोर कधी आलाच नव्हता. खलाशी चांगला माणूस होता. तो बादली पलीकडे घेऊन गेला, भरून आणली आणि तिच्यापुढे ठेवली. तेव्हा ती उठली. मी तिला कडेवर घेऊन त्या दुसऱ्या नळाशी नेलं आणि म्हटलं, सोड. तिनं तोटी फिरवली. जोरात धार आली. तिनं ती दोन क्षण पाहिली आणि घाईनं नळ बंद केला. मग आजूबाजूला बघून पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला. तांब्या भरला, फिरकी घट्ट लावली. वर येताना तिनं माझा गळा इतका घट्ट धरला होता की मला जिना दिसत नव्हता.

वर आत्याबाई दाव्याशेजारी उभ्या होत्या. त्यांचे ओठ सुकले होते. पोरगी दिसताच त्या मटकन खाली बसल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मग दाव्याचं टोक शोधायला लागल्या. थोरलीनं चौथ्या जागी स्वतःला बांधून घेतलं, फक्त गाठ पुढच्या बाजूला हवी म्हणाली.

दिवस मावळायच्या आत बोट रत्नागिरीसमोर थांबली. धक्क्याला नाही, पाण्यातच. किनाऱ्यावरून मोठ्या होड्यांसारखे पडाव आले आणि खलाशी माणसं, ट्रंका, कोंबड्या एकेक करून खाली उतरवायला लागले. रत्नागिरीच्या बाईंनी मुलाला सोडवून घेतलं, तर तो दाव्याला मिठी मारून रडायला लागला. त्याला बाकीच्या तिघांत राहायचं होतं. शेवटी आत्याबाईंनी लुगड्याच्या धडप्याची एक पट्टी फाडून त्याच्या कमरेला बांधली आणि टोक त्याच्या आईच्या हातात दिलं. तसाच तो पडावातल्या खलाशाच्या हातात गेला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो खाली आईच्या मांडीवर बसून हात हलवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पणजीच्या नदीत शिरली. पाणी एकदम शांत झालं, दोन्ही बाजूंनी हिरवीगार झाडी. आत्याबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. "ह्ये गोडं हाय का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इथंही खारंच असेल. त्यांनी विश्वास ठेवला नाही. हेही उठून बसले, दाढी केली आणि ट्रंकेतली यादी काढून सामान मोजलं. लंगोट दोन कमी भरले. ते वाऱ्यानं समुद्रात नेले होते.

गोव्यात आठ दिवस छान गेले. मित्राच्या घरामागे विहीर होती, हात लांबवला तर पाणी लागेल एवढी भरलेली. आत्याबाईंचा निम्मा वेळ त्या विहिरीच्या काठावर गेला. थोरलीला दिवसातून दोन वेळा अंघोळ घालायला लागायची, नाहीतर ती तिसऱ्यांदा मागायची.

परतीच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, "मी एस.टी.नं येतो. तुम्हीही चला."

"आमी न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "आमी बोटीनं."

हे माझ्याकडे बघायला लागले. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मी भिंगारहून नगरलासुद्धा एकटी फारशी गेले नव्हते. मी म्हटलं, "तुम्ही या एस.टी.नं. आम्ही येतो." कसं म्हटलं कोण जाणे.

परतीचा प्रवास मी आणि आत्याबाईंनी केला. मीच सतरंजी टाकली, मीच बाक धरला, खलाशांकडून गोड्या पाण्याची बादली मागून घेतली आणि लंगोट त्यात धुतले. कुणी हसलं नाही. एकानं तर आम्ही पोरं बांधताना बघून विचारलं, "तुम्ही नेहमी जाता वाटतं बोटीनं?" आत्याबाई म्हणाल्या, "व्हय." मला फार बरं वाटलं.

आम्हाला घ्यायला हे एस.टी.नं थेट मुंबईला आले होते आणि भाऊच्या धक्क्यावर वाट बघत उभे होते. चेहरा पुन्हा पिठासारखा. घाटात त्यांना एस.टी.ही लागली होती.

भिंगारला पोचल्यावर संध्याकाळी शेजारीपाजारी जमले. बोट कशी असते ते ऐकायचं होतं. हे खुर्चीवर बसले आणि सांगायला लागले. लाटा केवढ्या, कप्तान कसा, रत्नागिरीला पडाव कसे येतात, येतानाच्या वाटेवर उगवत्या सूर्यात माशांनी कशा उड्या मारल्या. तासभर सांगितलं. लोक तल्लीन झाले होते. येतानाचे मासे मी पाहिले होते, आणि ते ह्यांना मीच सांगितले होते, नगरच्या गाडीत.

मी रिकाम्या कपबशा उचलून आत निघाले. स्वयंपाकघराच्या दारात आत्याबाई मांडीवर झोपलेल्या धाकट्याला थोपटत ऐकत होत्या.

"काय चांगलं सांगतोय," त्या मला म्हणाल्या. "त्येला म्हनावं पुढच्या साली बी जाऊ. तू एस.टी.नं ये."